काचपट्टीवरचे दोन टक्के

बसा. डोळे मिटू नका, उघडेच राहू द्या. प्रयोगशाळेतली साधी काचपट्टी हातात आहे असे धरून चला. तिच्यावर झिंक ऑक्साइडचा थर आहे, जेमतेम 300 नॅनोमीटर जाडीचा. केसाच्या जाडीचा दोनशेवा भागसुद्धा नाही.

अशा थरांवर कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठात वर्षानुवर्षे काम झाले आहे. काच 400 अंश सेल्सिअसच्या आसपास तापवायची आणि झिंक ॲसिटेटच्या द्रावणाचा बारीक फवारा सोडायचा. पाणी उडते, ॲसिटेट मोडते, ऑक्साइड काचेला धरून बसते.

पट्टी सावकाश तिरकी करा. फिकट गुलाबी झाक येते, मग हिरवट. हा रंग पदार्थाचा नव्हे. थराच्या वरून आणि तळातून परतलेल्या प्रकाशलाटा एकमेकींत मिसळतात, त्यांचा हा खेळ. थोडे पाहत राहा.

आता आत उतरा. षटकोनी घडणीचे कण, बहुतेक काचेला काटकोनात उभे. म्हणून क्ष-किरणांच्या आलेखात 34.4 अंशांजवळचे शिखर बाकीच्यांना झाकोळते. शंभरातले दोन झिंक अणू काढून तिथे ॲल्युमिनियम बसवा. तो अंगाने लहान, त्यामुळे शिखर किंचित उजवीकडे सरकते. झिंक दोन इलेक्ट्रॉन देतो, हा तीन. तिसऱ्याला बंधात काम नाही. तो मोकळा फिरतो, आणि थरातून वीज सहज वाहू लागते.

वीज वाहणारी वस्तू प्रकाश अडवणार, असे आपण गृहीत धरतो. इथे जरा रेंगाळा. शुद्ध थर साधारण 375 नॅनोमीटरच्या खालचा अतिनील प्रकाश गिळतो. ॲल्युमिनियम घातल्यावर ही सीमा आणखी आखूड लहरींकडे हटते, म्हणजे पूर्वी अडायचा तो थोडा प्रकाश आता पार होतो! नाट्यगृहात खालच्या रांगा भरल्या की उशिरा येणाऱ्याला बाल्कनी गाठावी लागते. तसे खालचे ऊर्जास्तर मोकळ्या इलेक्ट्रॉनांनी आधीच व्यापलेले, नव्याला उंच उडी हवी. बर्स्टीन आणि मॉस यांनी 1954 मध्ये इंडियम अँटिमोनाइडबाबत हेच उलगडले. मला या साऱ्या विषयात याहून देखणे काही वाटत नाही.

ॲल्युमिनियम वाढवत न्या. कण बारीक होतात, शिखर पसरते, जादा अणू कणांच्या सीमांवर साचतात. इलेक्ट्रॉन तिथे अडखळतात आणि विद्युतरोध पुन्हा चढतो. दोन टक्के की तीन, यावर शोधनिबंधांत भरपूर शाई सांडते. काचेचे तापमान आणि फवाऱ्याचा वेग बदलला की तो आकडाही हलतो.