उदार शोध, कठोर निवाडा

“नाव इंग्रजीत टाका, लगेच सापडेल,” असा सल्ला शिरूरच्या एका सेवा केंद्रात सातबारा काढायला आलेल्या वृद्ध खातेदाराला मिळाला, आणि ज्याच्या वाडवडिलांनी भीमा-घोडच्या काठी पिढ्यान्‌पिढ्या मराठीतून सारा भरला त्याने आपलेच नाव शोधण्यासाठी परकी लिपी जवळ करावी, ही गोष्ट माझ्या मनाला लागून राहिली.

संगणकाला देवनागरी येते, हे आता सर्वविदित आहे. परंतु अक्षर ओळखणे निराळे आणि नाम ओळखणे निराळे. ‘शिरूर’मधला रू कोणी दीर्घ लिहितो, कोणी ऱ्हस्व, ‘विहीर’ विभक्तीत शिरली की ‘विहिरीत’ होते, १९६२ च्या लेखननियमांपूर्वीच्या कागदांत ‘गांव’ सानुस्वार भेटतो.

एकच प्रमाण रोमन लेखन सक्तीचे करा, असे प्रमाणीकरणाचे कैवारी म्हणतात. पण रोजच्या रोमन लेखनात त आणि ट, द आणि ड हे भेदच पुसले जातात. शिवाय ब्रिटिश अमदानीच्या इंग्रजी दप्तरांत दौंडचे नाव ‘धोंड’ असे वाचावे लागेल अशा अक्षरांत आढळते, तेव्हा ती लिपी तरी स्थिर कुठे आहे?

येथे मोडीचे स्मरण होते. पेशवे दप्तरातील कारकून ऱ्हस्व-दीर्घाचा भेद सहसा पाळीत नसे, आणि वाचणारा संदर्भावरून नाम निश्चित करी. हीच उदारता यंत्राला शिकवावी लागेल. कारण रांजणगावच्या कारखान्यांत आणि दौंडच्या रेल्वे वसाहतींत परप्रांतीय नावेही नांदतात. तमिळ लिपीत क आणि ग यांना एकच अक्षर, उर्दूत ऱ्हस्व स्वर बहुधा अलिखित. उलट युनिकोडमध्ये देवनागरी आणि बंगाली ‘क’ आपापल्या कोष्टकात एकाच स्थानी बसतात, त्यामुळे तेथे लिप्यंतर सुकर होते.

सर्व रूपे यंत्राने एकच मानावीत, असे म्हणण्याच्या बेतात मी होतो. परंतु आजोबांचे नाव नातवाला ठेवण्याची आपली रीत ध्यानात घेता, जेथे अक्षरशः जुळणारे नावही माणसाची ओळख पटवीत नाही, तेथे नुसत्या साम्यावर दोन खाती एक केली तर कज्ज्यालाच आमंत्रण मिळेल. म्हणून यंत्राने सर्व संभाव्य नोंदी समोर मांडाव्यात, मूळ मजकुराला हात लावू नये, आणि निवाडा गट क्रमांक, वडिलांचे नाव व फेरफार पाहून माणसानेच करावा. शोधयंत्रणा रचणाऱ्यांनी एवढी मर्यादा पाळली, तर खातेदाराला आपली लिपी सोडण्याचे कारण उरणार नाही.