मुखपृष्ठ आणि मजकूर

गेल्या श्रावणातली गोष्ट. अंजूरफाट्याच्या बाजूला एका रद्दीच्या गोदामात मी एक जुना शब्दकोश शोधायला गेलो होतो. निवृत्त मास्तराला असल्या जागा फार आवडतात. तेथे तो बिनपगारी का होईना, पण पुन्हा कागदपत्रांत बसतो. कोश काही मिळाला नाही. मात्र कोपऱ्यात एक पोरगा फतकल मारून बसला होता आणि शेजारच्या ढिगातून एकेक पुस्तक उचलून त्याचे मुखपृष्ठ सफाईने फाडून काढीत होता. मुखपृष्ठ डाव्या हाताला, पुस्तक उजव्या हाताला. एखादी गृहिणी शेंगा सोलते त्या सहजतेने त्याचे ते काम चालले होते.

मी विचारले, "असे का रे?"

तो म्हणाला, "काका, चित्र नगावर जातं. आतलं किलोवर."

मी डावीकडच्या चळतीकडे पाहिले आणि माझ्या छातीत काहीतरी लक्कन हलले. वरच्याच चित्रात हातात पिस्तूल घेतलेला एक रुबाबदार पुरुष होता. मागे भयभीत झालेली तरुणी, आणि त्याही मागे निळ्याकाळ्या अंधारात दोन डोळे. रघुवीर मुळगावकरांची ती सफाई साठ वर्षांनंतरही मी शंभर पावलांवरून ओळखली असती. मी घासाघीस न करता चार मुखपृष्ठे विकत घेतली, गुंडाळी केली आणि रिक्षात बसलो. कल्याणनाका येईपर्यंत मी अगदी बारा वर्षांचा होतो. नाका ओलांडला आणि मला लाज वाटू लागली.

ती लाज कशाची, हे शोधण्यासाठी हा लेख लिहायला बसलो आहे.

१९६२ साली मी खरोखरच बारा वर्षांचा होतो. त्या वेळची भिवंडी म्हणजे मागांचे गाव. हातमाग हळूहळू मागे हटत होते आणि यंत्रमागांचा खडखडाट आळीआळीत शिरत होता. आमच्या आळीच्या तोंडाशी एका गृहस्थांनी आपल्या किराणा दुकानाच्या अर्ध्या फळीवर पुस्तके मांडून वाचनालय थाटले होते. भाडे रोजचे पाच नवे पैसे. एका दिवसात पुस्तक परत केले नाही, तर आणखी पाच. म्हणून आम्ही ती पुस्तके वाचीत नसू, गिळीत असू. बाबुराव अर्नाळकरांचा झुंजार, काळा पहाड, धनंजय आणि त्याचा छोटू ही मंडळी आमच्या घरच्या माणसांपेक्षा आम्हांला जवळची होती. भूमितीच्या वहीखाली झुंजार असे, आणि वरून वडिलांचा हात पाठीवर पडेपर्यंत आम्ही चोरांच्या तळघरात असू.

अर्नाळकर हे टोपणनाव. माणसाचे खरे नाव चंद्रकांत सखाराम चव्हाण. १९०६ साली जन्मलेला हा लेखक १९९६ साली गेला, आणि मागे हजारावर पुस्तके ठेवून गेला. लेखनाची पन्नास वर्षे धरली, तरी वर्षाला वीस पुस्तके होतात. म्हणजे अठरा दिवसांना एक! आजारपण, लग्नकार्ये, दिवाळी, सुतक, काहीही असो. अठराव्या दिवशी झुंजार संकटातून सुटलाच पाहिजे. माणूस प्रतिभेने एक पुस्तक लिहील, दहा लिहील. हजार पुस्तके लिहायला मागावरच्या कामगाराची छाती लागते.

ही परंपरा काही त्यांच्यापासून सुरू झाली नाही. त्यांच्या आधी गो. ना. दातारांनी रेनॉल्ड्सच्या इंग्रजी कादंबऱ्यांना मराठी वेष चढवून आमच्या आजोबांची झोप उडविली होती. हा रेनॉल्ड्स स्वतः लंडनमध्ये १८४४ पासून पेनीला एक अंक अशा हप्त्यांनी रहस्ये विकीत होता. अमेरिकेत हाच माल लाकडाच्या लगद्याच्या स्वस्त कागदावर निघू लागला, आणि तिकडे त्या साऱ्या वाङ्मयालाच 'लगदा' हे नाव पडले. त्या कागदातील लाकडाचा अंश काढलेला नसतो. हवा आणि ऊन लागले की तो पिवळा पडतो, मग तपकिरी होतो आणि शेवटी बोटांत चुरतो. नाशाचे बीज घेऊनच ही पुस्तके जन्माला येतात. टिकावीत म्हणून ती कोणी छापलीच नव्हती.

पण चित्रे? चित्रांचे निराळे आहे. शेरलॉक होम्स म्हटले की कानांवर पट्टे असलेली ती टोपी डोळ्यांपुढे येते. कॉनन डॉयलने तिचे ते नाव कोठे लिहिलेले नाही. 'स्ट्रँड' मासिकाचा चित्रकार सिडनी पॅजेट याने ती त्याच्या डोक्यावर ठेवली, आणि ती पुढे कोणालाही काढता आली नाही. झुंजारचे तसेच. त्याचा चेहरा आम्हांला मुळगावकरांनी दिला. १९१८ साली गोव्यात जन्मलेला हा चित्रकार १९७६ साली गेला. त्यांच्याच हातच्या देवदेवता दिनदर्शिकांवरून घरोघरी भिंतीवर असत, आणि त्यांचाच झुंजार आमच्या वहीखाली. भिंतीवरच्या रामाच्या आणि वहीखालच्या झुंजाराच्या गालावर एकच गुळगुळीत उजेड पडलेला असे. दुसरे दीनानाथ दलाल. तेही गोव्याचेच, १९१६ ते १९७१ एवढेच आयुष्य. १९४५ साली 'दीपावली' हे वार्षिक काढून त्यांनी मराठी दिवाळी अंकाला रंगांची चटक लावली. एकाची रेषा बोलकी, दुसऱ्याची छाया मऊ. यात श्रेष्ठ कोण, यावर आमच्या वर्गात मारामाऱ्या झाल्या आहेत.

येथवर आठवणी गोड आहेत. आता कडू भाग सांगतो.

पुढे मी शिकलो, मास्तर झालो आणि साहित्याची गोडी लागलेल्या सर्व तरुणांप्रमाणे काही वर्षे असह्य झालो. १९७४-७५ च्या सुमारास आमच्या भागातल्या एका लहानशा वाचनालयाचा मी चिटणीस होतो. कपाटे चार, त्यांतली दोन रहस्यकथांनी भरलेली. मला त्यांची शरम वाटे. मी सभेत ठराव मांडला की, वाचनालय हे संस्काराचे स्थान आहे, करमणुकीचा गुत्ता नव्हे; तरी ही पुस्तके काढून टाकावीत. माझे भाषण चांगले झाले. ठराव मंजूर झाला. पुस्तके हातगाडीवरून रद्दीत गेली आणि आलेल्या पैशांतून आम्ही उत्तमोत्तम निबंधसंग्रह घेतले.

त्या आठवड्यात एक जॉबर पुस्तक बदलायला आला. यंत्रमागाच्या कारखान्यात रात्रपाळी करणारा, चौथी शिकलेला कोकणातला माणूस. रिकामी कपाटे पाहून तो थोडा वेळ उभा राहिला. मी त्याच्या हातात एक चांगले पुस्तक दिले. त्याने ते चाळले आणि नम्रपणे टेबलावर ठेवले. म्हणाला, "मास्तर, पाळी सुटली तरी माग कानांत चालूच असतो हो. ते पुस्तक वाचताना तेवढा थांबायचा."

मी त्याला वाङ्मयीन अभिरुचीविषयी काहीतरी सांगितले. काय सांगितले, ते देवाच्या दयेने मला आठवत नाही. तो पुन्हा आला नाही. त्याच्याबरोबर येणारे आणखी दहाबारा जण हळूहळू यायचे थांबले. निबंधसंग्रहांची पाने मी वाचनालय सोडीपर्यंत कोरी होती.

तर प्रश्न असा आहे : ज्याने ही पुस्तके स्वतःच्या हाताने रद्दीत घातली, त्याला त्यांच्या आठवणीने गहिवरण्याचा अधिकार आहे काय?

माझा वकील मीच होऊन पाहतो. म्हणतो, तू तेव्हा केलेस ते कदाचित बरोबरच होते. आज ही पुस्तके उघडून पाहा! मी पाहिली आहेत. संवाद ठोकळेबाज, योगायोगांचा सुकाळ, स्त्रियांना किंचाळण्यापलीकडे फारसा उद्योग नाही. त्याहून मोठा दोष म्हणजे दुष्ट माणूस पहिल्याच भेटीत ओळखू येतो. त्याच्या गालावर व्रण असतो, डोळे बारीक असतात, हसणे खुनशी असते. दुष्टपणा चेहऱ्यावरून कळतो, ही समजूत निरुपद्रवी नाही. या गावाला तर ती मुळीच निरुपद्रवी वाटू नये. १९७० च्या मेमध्ये आणि पुन्हा १९८४ च्या मेमध्ये भिवंडीत जे घडले, त्यात माणसे माणसांना नावावरून, कपड्यांवरून, दाढीवरून, टिळ्यावरून ओळखीत होती. जो तो आपल्याला झुंजार समजत होता, आणि समोरच्याला तळघरातला दरोडेखोर.

वकिलाचे भाषण प्रभावी आहे. पण तेही माझ्या १९७५ च्या भाषणासारखेच आहे. त्यात माणूस नाही. दंगली करणाऱ्यांनी त्या गोष्टी वाचून हात उगारले नव्हते. चेहऱ्यावरून माणसाची पारख करणे जगात रहस्यकथांच्या फार पूर्वीपासून आहे, आणि ज्यांनी उत्तमोत्तम निबंध वाचले, तेही त्यातून सुटलेले नाहीत. मीच सुटलो नव्हतो. टेबलापलीकडच्या माणसाचा मळका सदरा पाहून मी ठरवून टाकले होते की, हा फसलेला आहे. याला पुस्तकातले खोटे खरे वाटते.

माझी चूक नेमकी तेथे होती. ती पुस्तके थोर होती असे नव्हे. ती थोर नव्हतीच. पण तो जॉबर फसलेला नव्हता. शेठच्या पेढीत रात्री बारा वाजता झुंजार खिडकीतून शिरणार नाही आणि आपली थकलेली मजुरी टेबलावर आणून ठेवणार नाही, हे त्याला माझ्यापेक्षा पक्के ठाऊक होते. गोष्ट खोटी आहे, हे लेखकाला माहीत, वाचकाला माहीत. मग फसवणूक कोणाची? मुलाला ऊन लागते म्हणून आई पदर धरते, तेव्हा सूर्य मावळला असे ना आई म्हणत, ना मूल समजत. मी ज्याला पळवाट म्हणत होतो, तो विसावा होता. पळून जाणारा परत येत नाही. विसावा घेणारा दुसऱ्या दिवशी पाळीवर हजर असतो. तो जॉबर रोज हजर असे.

आता माझ्या गहिवराकडे वळतो. आपण जुन्या काळासाठी हळहळतो, तेव्हा काय करतो? मला वाटते, आपण त्या गोदामातल्या पोरासारखेच करतो. मुखपृष्ठ फाडून डावीकडे ठेवतो आणि मजकूर उजवीकडे टाकतो. चित्र तेवढे नगावर. पाच नवे पैसे आठवतात. ते चोरून आणावे लागत, हे आठवत नाही. वाचनालयाची फळी आठवते. तिच्यापुढे उभ्या असलेल्या माणसाचे कानांत चालू असलेले माग आठवत नाहीत. अठरा दिवसांना एक पुस्तक उतरविणाऱ्या लेखकाची दुखरी बोटे आठवत नाहीत. पोराने निदान दोन्ही चळती डोळ्यांपुढे ठेवल्या होत्या. दर सांगताना त्याने काही लपविले नाही.

म्हणून अधिकाराच्या प्रश्नाला माझे उत्तर असे : हळहळण्याचा अधिकार कोणालाही आहे, कारण ती फुकट असते. पण ती पुरेशी नाही. ज्याच्याकडून घेतले, त्याचे देणे आठवण्याने फिटत नाही. काय घेतले आणि कोणाचे काढून घेतले, ते पुरते सांगावे लागते. माझ्यापुरते मी येथे सांगितले आहे. त्या जॉबरला सांगायला हवे होते. ती वेळ कधीच गेली.

आठवड्याने मी पुन्हा त्या गोदामात गेलो. "आतलं" हवे आहे म्हणालो. पोरगा हसला; ढीग लगद्याच्या गिरणीकडे रवाना झाला होता. एका पोत्यामागे एकच पुस्तक राहून गेले होते. मुखपृष्ठ नाही, पहिली सोळा पाने नाहीत, नाव कळायला मार्ग नाही. त्याने ते मला तसेच दिले. पैसे घेतले नाहीत. शेवटच्या कोऱ्या पानावर कोणीतरी पेन्सिलीने हिशेब केला होता. वार किती विणले, दर काय, उचल किती, हाती किती. हाताशी उरलेला आकडा फार लहान होता आणि त्याच्याखाली दोन रेघा ओढलेल्या होत्या.

त्या रात्री मी ते पुस्तक वाचायला घेतले. गोष्ट सतराव्या पानावर मध्येच सुरू झाली. कोण कोणाच्या मागे लागले आहे, ते कळायला दहा पाने गेली. भाषा सुमार, योगायोग तेच, खलपुरुष पहिल्या वाक्याला ओळखू आला. मी शेवटपर्यंत वाचले. नायिका सुटली, तिजोरी ज्याची त्याला मिळाली. मी पुस्तक मिटले आणि घड्याळ पाहिले. एक वाजून गेला होता.

तेव्हा कोठे मला समोरच्या कारखान्यातले माग ऐकू येऊ लागले. ते संध्याकाळपासून चालूच होते.