कारभारी कोणाचा?

कोल्हापूरकडच्या खेड्यांत बायको नवऱ्याला ‘कारभारी’ म्हणून हाक मारते. त्या हाकेत मान असतो, थोडी थट्टा असते आणि हिशेबही असतो : घर तुमच्या हाती दिलंय, मग पैसा कुठं गेला ते सांगा. राज्य चालवणाऱ्यालाही इथे बराच काळ कारभारीच म्हणत. त्याने हिशेब कोणाला द्यायचा, हे मात्र ठरायला अडीचशे वर्षे लागली.

१६८९ मध्ये राजाराम महाराज जिंजीकडे निघाले, तेव्हा मागचा मुलूख रामचंद्रपंत अमात्यांनी सांभाळला. त्यांना ‘हुकूमतपन्हा’ हा किताब मिळाला. राजा दूर, मोगल दारात. निर्णय पंतांचे, पण राज्य छत्रपतींचे. पुढे हेच पंत कोल्हापूरच्या गादीशी जोडले गेले. १७१५ च्या त्यांच्या आज्ञापत्रात प्रधान कसा असावा याचा स्वतंत्र विचार आहे. त्या विचारात प्रधान रयतेची काळजी वाहतो, पण जाब देतो तो राजालाच.

इंग्रज आले आणि जाब घेणाराच बदलला. त्यांनी नेमलेले कारभारी दाजी कृष्ण पंडित यांच्या काळात गडकऱ्यांच्या जमिनी मामलेदारांच्या ताब्यात गेल्या. १८४४ मध्ये सामानगडावर गडकऱ्यांचे बंड पेटले. १८८२ मध्ये चौथ्या शिवाजी महाराजांच्या छळाचा आरोप कारभारी माधवराव बर्वे यांच्यावर ‘केसरी’ आणि ‘मराठा’ने केला. आधाराला घेतलेली पत्रे बनावट निघाली आणि संपादक टिळक-आगरकरांना डोंगरीच्या तुरुंगात १०१ दिवस काढावे लागले. त्यांचा पुरावा खोटा ठरला, पण गादीवरच्या राजाचे काय चालले आहे, हे कारभाऱ्याला विचारायची सोय रयतेकडे नव्हती, हे खरेच होते. वर्तमानपत्राने विचारून पाहिले, इतकेच.

१८९४ मध्ये शाहू महाराजांनी अधिकार हाती घेतले. कारभारी म्हणून दिवाण होते, पण १९०२ चा पन्नास टक्के राखीव जागांचा हुकूम राजाचा होता. राजा एवढा मोठा असला की दिवाण कोणाचा, हा प्रश्न टोचत नाही. पण चांगला राजा लाभणे हे रयतेचे नशीब. त्याला व्यवस्था म्हणता येत नाही.

हा फरक एकाच माणसाच्या आयुष्यात दिसतो. अण्णासाहेब लठ्ठे शाहू महाराजांचे पुत्र राजाराम महाराज यांच्या काळात कोल्हापूरचे दिवाण होते. तेच १९३७ मध्ये बाळासाहेब खेरांच्या मंत्रिमंडळात मुंबई प्रांताचे अर्थमंत्री झाले. दिवाण असताना महाराजांची मर्जी राखली की भागत असे. आता अंदाजपत्रक घेऊन निवडून आलेल्या सभागृहासमोर उभे राहावे लागले. खेरांना तेव्हा मुंबईचे पंतप्रधान म्हणत. ‘मुख्यमंत्री’ हा शब्द पुढे राज्यघटनेने रुळवला.

१ मार्च १९४९ रोजी कोल्हापूर मुंबई प्रांतात विलीन झाले आणि दिवाणपद इतिहासजमा झाले. घटनेच्या १६४ व्या कलमाप्रमाणे मुख्यमंत्र्याला नेमतो राज्यपाल, पण मंत्रिमंडळ जबाबदार असते विधानसभेला. हुकूमतपन्हापासून निघालेला विचार इथे येऊन पोहोचला.

कोल्हापूर जिल्ह्यातून निवडून आलेला कोणी अजून मुख्यमंत्री झाला नाही, याची खंत इथल्या कट्ट्यांवर निघते. आपला माणूस त्या खुर्चीत बसावा, असे वाटणे गैर नाही. पण माणूस आपला आहे एवढ्यावर जाब विचारायचे सोडले, तर आपण पुन्हा दिवाणाच्या काळात जाऊ. घरातली बाई कारभाऱ्याला आपला म्हणते आणि तरीही हिशेब मागते. मतदाराने तिच्याकडून एवढे तरी शिकावे.