चौथी चौकट

बाबांच्या तिकिटांसाठी मी नवी पानं बनवत होतो. त्यांचा संग्रह शाळेच्या चित्रकलेच्या वहीत होता, कागद पार पिवळा पडलेला. विकतचा छापील अल्बम त्यांना नको होता, म्हणून लॅपटॉपवर ए-फोर पानावर चौकटी आखून जाड कागदावर छापायचं ठरलं. काम सोपं आहे. तिकीट मोजायचं, चौकट सगळीकडून दोनेक मिलिमीटर मोठी ठेवायची, वर शीर्षक, खाली किंमत. खोच एकच : छापताना 'पानात बसवा' हा पर्याय बंद करायचा, नाहीतर प्रिंटर सगळंच किंचित आकसून छापतो.

अडलो गांधीजींच्या पानावर. १५ ऑगस्ट १९४८ रोजी स्वतंत्र भारताने गांधीजींची चार तिकिटं काढली : दीड आणा, साडेतीन आणे, बारा आणे आणि दहा रुपये. छपाई स्वित्झर्लंडमध्ये झाली. तिकिटांवर 'बापू' हा शब्द देवनागरीत आणि उर्दूतही आहे. पहिली तीन बाबांकडे आहेत, दहा रुपयांचं नाही. दीड आण्यात पत्र जायचं तेव्हा दहा रुपयांचं तिकीट किती घरांत आलं असेल? आज ते महाग आहे आणि त्याच्या नकलाही बाजारात फिरतात.

जुन्या वहीत त्या जागी बाबांनी पेन्सिलीने रिकामी चौकट आखली होती. आत फक्त 'रु. १०'. मी ती गाळली, उरलेल्या तीन मधोमध घेतल्या. पान एकदम देखणं दिसायला लागलं. बाबांना फोटो पाठवला. उत्तर आलं, "चौथं कुठंय?"

"आपल्याकडे नाहीये ना."

"मग नाहीये हे दिसू दे की."

मी चिडलो. पानावर मी खोटं काहीच लिहिलं नव्हतं. पण वर शीर्षक होतं 'महात्मा गांधी, १९४८'. त्याखाली तीनच चौकटी म्हणजे तिकिटं तीनच निघाली, असं पान न बोलता सांगत होतं. त्या जागी दहा रुपयांच्या तिकिटाचं रंगीत चित्र छापावं असंही एकदा मनात आलं. पारदर्शक कव्हरखाली ते लांबून खरंच वाटलं असतं. हा मोह मला गाळण्यापेक्षा वाईट वाटला, पण दोन्हींची जात एकच. उणीव दिसू नये, एवढंच मला हवं होतं.

आपल्याकडे न्याय-वैशेषिक परंपरेत 'अभाव' हा एक स्वतंत्र पदार्थ मानला आहे. जमिनीवर घडा नाही, हेही आपल्याला कळतं, आणि ते कळणं खरं असतं. पण अभाव नेहमी कशाचा तरी असतो आणि कुठे तरी असतो. कोऱ्या कागदावर दहा रुपयांचं तिकीट नसतं, तसा हत्तीही नसतो. चौकट आखली की त्या कागदावर नेमकं काय नाही, ते ठरतं.

मग ते ठरवायचं कुणी? याच तिकिटांवर गव्हर्नर जनरलच्या कार्यालयासाठी 'सर्व्हिस' असा शब्द छापून काढलेली चार अतिदुर्मीळ तिकिटंही आहेत. बाबांनी त्यांच्यासाठी चौकटी आखल्या नव्हत्या. ही लपवाछपवी का? मला नाही वाटत. ती त्यांना कधी हवीच नव्हती. छापील अल्बममध्ये मात्र तुमच्याकडे काय कमी आहे, हे प्रकाशक आधीच ठरवून ठेवतो, आणि माणसं आयुष्यभर त्याच्या चौकटी भरत बसतात. (फोनवर आपलं दिवसभर दुसरं काय चालतं?) दहा रुपयांची उणीव बाबांची स्वतःची होती. त्यांनी ती शाळकरी वयात पट्टी लावून आखली होती, आणि मी ती एका क्लिकमध्ये पुसली होती, तीही पान सुंदर दिसावं म्हणून.

चौथी चौकट परत घातली. हे तिकीट बाकी तिघांपेक्षा मोठं, त्यामुळे सगळी मांडणी बिघडली. कॅटलॉगमधलं माप घेतलं, आत काही छापलं नाही, खाली तेवढं 'दहा रुपये'. रविवारी पान घेऊन गेलो. बाबांनी चष्मा लावला, ड्रॉवरमधून पट्टी काढली आणि रिकामी चौकट मोजली.

"लहान आलीये. तिकीट बसायचं नाही यात."

'पानात बसवा' बंद करायला मी विसरलो होतो. आम्ही पान पुन्हा छापलं.