नागसेनाचा रथ आणि माझी ट्रायम्फ

ट्रायम्फ टीआर सिक्स ही बिनछपराची गाडी. फ्रेमचा आधार सुटला की तिची बॉडी मधोमध वाकते. म्हणून बोल्ट सैल करायच्या आधीच दारांच्या चौकटींत लोखंडी पट्ट्या वेल्ड करायच्या. बॅटरी, पेट्रोल, ब्रेकच्या नळ्या, स्टिअरिंगचा जोड, वायरिंग ही सोडवासोडव त्यामानाने सोपी.

कॉव्हेंट्रीत १९६८ ते १९७६ या काळात बनलेली ही गाडी मी कॉव्हेंट्रीतच उघडतोय, म्हणजे बॉडी फ्रेमवरून वर उचलून वेगळी करतोय. बायको गॅरेजमध्ये डोकावून म्हणाली, "म्हणजे कुडी वर जाणार आणि जीव खाली राहणार!" इथल्या परवाना खात्याचा हिशेबही वर्षानुवर्षं तिच्यासारखाच होता. फार बदललेल्या गाडीला जुना नंबर टिकवायला आठ गुण लागत. चेसिसला, म्हणजे फ्रेमला, पाच, इंजिनाला एक. चेसिस वेगळी असेल तर बॉडीला शून्य!

जीव फक्त फ्रेममध्ये, हे मला पटत नाही. मी औरंगाबादच्या मिलिंद महाविद्यालयात शिकलो. बाबासाहेबांनी ज्याचं नाव कॉलेजला दिलं, त्या मिलिंद राजाला नागसेन भिक्खूने विचारलं होतं : तू रथातून आलास ना, मग रथ म्हणजे काय? आस? चाकं? दांडी? राजा प्रत्येकाला नाही म्हणत गेला. रथ हे नुसतं नाव, सुट्या भागांच्या आधाराने चालणारं, इथवर दोघं आले. सातव्या शतकात बौद्ध आचार्य चंद्रकीर्ती आणखी पुढे गेला : भागांचा ढीग म्हणजे रथ नव्हे, आकार म्हणजेही नव्हे.

ढिगाचं कबूल, तो माझ्या फरशीवर पडलाय, त्यात बसून कुठे जाता येत नाही. आकारापाशी मात्र मी अडतो. बॉडी आणि फ्रेम यांच्या मध्ये बोल्टापाशी पॅकिंगच्या चकत्या असतात. कुठे दोन, कुठे एक, कुठे एकही नाही. दार नीट लागेपर्यंत कारखान्यातल्या कुणा कामगाराने त्या कमीजास्त केल्या असणार. ही जुळणी ना कुडीची, ना फ्रेमची. ती हरवली तर सगळे भाग अस्सल असूनही दार लागणार नाही. नागसेन म्हणेल, तीही भागांवरच अवलंबून आहे. असेना. पण जीव एकात आणि दुसरं नुसतं वस्त्र, ही वाटणी या गाडीला लागू पडत नाही, माझ्या मते माणसालाही नाही.

तुम्ही अशी गाडी उघडणार असाल, तर प्रत्येक बोल्टापाशी किती चकत्या आहेत ते आधी लिहून ठेवा.