खापर तांबड्यावर

कोल्हापुरात कुणाचं कोलेस्टेरॉल वाढलेलं निघालं की घरातलं पहिलं फर्मान सुटतं ते तांबड्या रश्श्याविरुद्ध. मिसळीवरचा कट बंद, तिखट बंद. पांढरा रस्सा मात्र सौम्य म्हणून वाटीवर वाटी चालू राहतो. खरं तर कोलेस्टेरॉलच्या तक्रारीत मिरची आरोपी नाहीच. तांबड्याच्या तवंगात तेल असतं, त्याचा हिशोब वेगळा. पांढऱ्यात मात्र मटणाच्या आळणीबरोबर नारळाचं दूध असतं, आणि नारळातली सुमारे ९० टक्के चरबी संपृक्त. शेंगतेलाच्या डब्यावर ‘कोलेस्टेरॉल फ्री’ वाचून हात सैल सोडणारेही असेच फसतात. वनस्पतिजन्य तेलात कोलेस्टेरॉल कधी नव्हतंच.

बातम्यांनी या गोंधळात भरच घातली. अमेरिकेच्या ‘टाइम’ने १९८४ च्या मुखपृष्ठावर अंडी आणि बेकनचा रडवेला चेहरा छापला, तर २०१४ मध्ये त्याच साप्ताहिकाने लोणी खायला सांगितलं. पुढे तिथल्या आहार मार्गदर्शिकेतून दिवसाला ३०० मिलिग्रॅम कोलेस्टेरॉलची मर्यादा निघाली आणि ‘तज्ज्ञांनी शब्द फिरवला’ अशी हाकाटी झाली. संपृक्त चरबी एकूण उष्मांकांच्या १० टक्क्यांच्या आत ठेवा, हे त्याच मार्गदर्शिकेतलं वाक्य मात्र कुणी मथळ्यात घेतलं नाही. रक्तातलं बरंचसं कोलेस्टेरॉल शरीर स्वतःच बनवतं. रक्तातून एलडीएल, म्हणजे ‘वाईट’ कोलेस्टेरॉल, उचलणारे पेशींवरचे ग्राहक (रिसेप्टर) ब्राउन आणि गोल्डस्टीन यांनी शोधले. त्यांना १९८५ चं नोबेल मिळालं. संपृक्त चरबी वाढली की हे ग्राहक मंदावतात. मथळे कितीही उलटे फिरोत, यात बदल झालेला नाही.

‘अंडं चांगलं की वाईट?’ हा प्रश्नच मला अपुरा वाटतो. कशाच्या जागी, हे विचारायला हवं. तूप सोडून चहाबरोबर खारी आणि बटर खाणाऱ्याने काय कमावलं? मैदा आणि साखर वाढली की ट्रायग्लिसराइड चढतात, आणि खारीत पडणाऱ्या वनस्पती तुपातल्या ट्रान्स फॅटला आपल्याकडे २ टक्क्यांची मर्यादा आली ती थेट २०२२ मध्ये. त्याच साजूक तुपाच्या जागी शेंगदाणे, डाळ-उसळ आणि ज्वारीची भाकरी आली, तर गोष्ट वेगळी.

दुसरा भाबडेपणा रंकाळा तलावावर दिसतो: पहाटे फेऱ्या मारायच्या आणि त्या जोरावर मिसळ हाणायची. गंगावेशीतल्या कट्ट्यावर धारोष्ण दूध रिचवणाऱ्या पैलवानाचा दाखला तर तयारच असतो. चालण्याने वजन, रक्तदाब, साखर, ट्रायग्लिसराइड यांना फायदा होतो, म्हणून ते सोडू नयेच. पण एलडीएल व्यायामाने फारसं उतरत नाही. ते ताटातच धरावं लागतं.

ताटालाही मर्यादा आहे. नेटाने पथ्य पाळलं तर एलडीएल साधारण १० ते १५ टक्क्यांनी उतरतं. स्टॅटिनच्या गोळ्यांनी ३० ते ५० टक्के. म्हणून सगळं पाळूनही आकडा न हलणाऱ्याला ‘चोरून खातोस’ म्हणणं अन्यायाचं आहे. काही घराण्यांत दोष जन्मतःच असतो. कार्डिऑलॉजिकल सोसायटी ऑफ इंडियाने २०२४ च्या मार्गदर्शक सूचनांत लायपोप्रोटीन (ए) आयुष्यात एकदा तरी तपासायला सांगितलं, ते अशाच जन्मजात धोक्यासाठी. हा आकडा बहुतांशी आनुवंशिक. भाकरीने हलत नाही की फेऱ्यांनी. तो जास्त निघाला, तर एलडीएल मात्र इतरांपेक्षा अधिक खाली ठेवावं लागतं, आणि तिथे पांढऱ्या रश्श्याच्या वाट्या मोजाव्याच लागतात.