‘अकिलीस’ आणि ‘दिल्ली’: एका क्रूझरच्या एकत्वाचा प्रश्न

भारतीय नौदलाची ‘दिल्ली’ ही क्रूझर जुलै १९४८ मध्ये ताफ्यात दाखल झाली. त्याआधी तिचे नाव ‘अकिलीस’ होते. इंग्लंडमधील बर्कनहेड येथे बांधलेले हे जहाज १९३२ साली पाण्यात उतरले. सहा इंची आठ तोफा, दोन-दोन तोफांचे चार बुरूज आणि सुमारे ३२ नॉट वेग अशी ही ‘लिअँडर’ वर्गातील हलकी क्रूझर होती. तिचे ‘हलके’पण वजनावरून ठरत नसे. १९३० च्या लंडन कराराने ६.१ इंचांपर्यंतच्या तोफांच्या क्रूझर हलक्या ठरवल्या होत्या. वस्तूची जात तिच्या द्रव्यात असते की माणसांनी केलेल्या ठरावात, हा वाद इथूनच सुरू होतो.

१३ डिसेंबर १९३९ रोजी न्यूझीलंडचे नाविक घेऊन ‘अकिलीस’ रिव्हर प्लेटच्या लढाईत जर्मन युद्धनौका ‘ग्राफ श्पे’शी लढली. जानेवारी १९४३ मध्ये ग्वाडलकनालजवळ मागच्या एका बुरुजावर बॉम्ब पडून तेरा जण ठार झाले. दुरुस्तीत तो बुरूज काढून तिथे विमानवेधी तोफा बसवल्या गेल्या. मग भारतात आली ती हीच क्रूझर का?

न्यायदर्शनात अवयवी, म्हणजे संपूर्ण वस्तू, ही अवयवांहून वेगळी मानतात. कापडाचा एक धागा निघाला तरी जुने कापड नष्ट होऊन नवे खंडपट उपजते. या हिशोबाने ‘अकिलीस’ १९४३ मध्येच संपली. पण रोज रंगाचे पोपडे निघणाऱ्या जहाजाला हा हिशोब फार महागात पडतो! बौद्धांची वाट वेगळी. ‘मिलिंदपञ्ह’मध्ये भिक्षू नागसेन मिलिंद राजाला विचारतो, की आस म्हणजे रथ का, चाके म्हणजे रथ का? रथ हे जुळवणीला दिलेले व्यवहारातले नाव आहे, असे तो दाखवतो. रात्रभर जळणाऱ्या दिव्याची ज्योत पहिल्या प्रहरी आणि शेवटच्या प्रहरी तीच नसते, आणि निराळीही नसते. क्रूझरला हे उत्तर अधिक लागू पडते.

नागसेनाचा खरा विषय मात्र रथ नसून माणूस आहे. रिव्हर प्लेटच्या लढाईत ‘अकिलीस’चे कप्तान असलेले एडवर्ड पॅरी पुढे १९४८ ते १९५१ या काळात भारतीय नौदलाचे प्रमुख होते. हुद्दा, ताफा, देश सारे बदलले, तरी पॅरी तेच आहेत का, असे कोणी विचारले नाही. जहाजाबद्दलच ही शंका घ्यावी, याला सबळ कारण दिसत नाही. रिव्हर प्लेटवरील १९५६ च्या चित्रपटात ‘दिल्ली’नेच ‘अकिलीस’ची भूमिका केली. तिथे नट आणि पात्र यांतला भेदच उरला नाही.

भागांवर एकत्व बेतणारी मते पुढे आणखी अडचणीत येतात. १९७८ मध्ये ‘दिल्ली’ सेवेतून निवृत्त झाली आणि मुंबईत भंगारात निघाली. तिचा एक बुरूज न्यूझीलंडला भेट दिला गेला. नौदलांच्या परंपरेत नाव मात्र लोखंडाबरोबर मोडीत जात नाही, ते पुढच्या जहाजाला मिळते. ‘दिल्ली’ हे नाव मुंबईच्या माझगाव गोदीत बांधलेल्या विनाशिकेला १९९७ साली मिळाले. भेट दिलेला बुरूज ऑकलंडजवळच्या डेव्हनपोर्ट नौदल तळावर ठेवलेला आहे.